रात्री उभी केलेली गाडी सकाळी सुरूच होत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

सकाळचे सहा वाजलेत. आईला रिकाम्या पोटी रक्ततपासणीला न्यायचंय आणि हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पार्किंगमध्ये येऊन तुम्ही चावी फिरवता आणि बोनेटखालून फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. पुन्हा फिरवता. ‘टक्-टक्-टक्’. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात आणि विझतात. काल संध्याकाळी हीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली होती!

मग वॉचमन येतो, शेजारचे काका येतात, धक्का मारून होतो. सगळ्यांचं निदान एकच असतं: “बॅटरी गेली. नवी टाका.” तुम्ही काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसवता. पंधरा दिवस सगळं छान चालतं आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तोच ‘टक्’ आवाज.

असं झालं असेल, तर बहुधा दोष बॅटरीत नव्हताच. गाडी बंद असतानाही आतलं काहीतरी गुपचूप वीज खात होतं. हा चोर कसा शोधायचा, त्यातलं घरच्या घरी किती करता येतं आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कधी जायचं, ते या लेखात क्रमाने पाहू. तत्त्व एकच आहे: आधी मोजा, मग पैसे खर्च करा.

आधी आजची सकाळ निभावून न्या

गाडी आत्ता बंद पडली असेल, तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबलने ती सुरू करता येते. क्रम महत्त्वाचा आहे:

१. लाल केबलचं एक टोक तुमच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला (+) लावा.
२. लाल केबलचं दुसरं टोक चालू गाडीच्या पॉझिटिव्हला लावा.
३. काळ्या केबलचं एक टोक चालू गाडीच्या निगेटिव्हला (−) लावा.
४. काळ्या केबलचं दुसरं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावा. थेट बॅटरीला लावू नका.

शेवटचं टोक जोडताना छोटी ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो पेट घेतो, म्हणून ही ठिणगी बॅटरीपासून लांब पडावी यासाठी हा खटाटोप. गाडी सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा.

हायवेवर अडकला असाल, तर मदतीला थांबलेल्या ट्रकच्या बॅटरीवरून जंप घेऊ नका. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कारमधली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याने जळू शकते.

धक्का स्टार्ट फक्त हाताने गिअर बदलायच्या गाडीत चालतो. ऑटोमॅटिक गाडीत त्याचा उपयोग नाही.

बंद गाडीला वीज लागतेच कशाला?

चावी काढली म्हणजे सगळं बंद, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. घड्याळ चालू असतं. स्टिरिओने लक्षात ठेवलेली रेडिओ स्टेशनं जपायची असतात. तुम्ही रिमोटचं बटण दाबाल म्हणून सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर कान टवकारून बसलेला असतो. चोरीचा अलार्म जागा असतो. इंजिनचा कंप्युटर स्वतःची स्मृती सांभाळत असतो. मोबाइल अॅपला जोडलेल्या गाड्यांमध्ये तर आत एक सिमकार्डही अधूनमधून नेटवर्कशी बोलत असतं.

हे सगळं चालतं १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ही वीज अगदी थोडी असते. सगळे कंप्युटर ‘झोपल्यावर’ साधारण २० ते ५० मिलीअँपिअर इतका प्रवाह बहुतेक गाड्यांत स्वाभाविक मानला जातो. पण ते लगेच झोपत नाहीत. दार लॉक केल्यावर काही गाड्यांना पाच-दहा मिनिटं लागतात, तर काहींना अर्धा-पाऊण तास. पुढे मोजमाप करताना हा मुद्दा कामाला येणार आहे.

जरा गणित करू

समजा, तुमची छोटी पेट्रोल कार आहे आणि तिची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची आहे. म्हणजे १ अँपिअरचा प्रवाह ती ढोबळमानाने ३५ तास देऊ शकेल. पण सेल्फ मारताना स्टार्टर मोटर क्षणभर शंभराहून जास्त अँपिअर ओढते, त्यामुळे बॅटरी साधारण निम्मी उतरली की सेल्फ अडखळायला लागतो. म्हणजे आपल्या हाताशी आहेत सुमारे १७ अँपिअर-अवर. आता पाहा:

• ५० मिलीअँपिअर (स्वाभाविक): दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे.
• ३०० मिलीअँपिअर (चुकीची जोडणी, जागा राहिलेला कंप्युटर): दिवसाला ७.२ अँपिअर-अवर. सव्वादोन-अडीच दिवस.
• ४२० मिलीअँपिअर (डिकीतला ५ वॉटचा एक दिवा): दिवसाला १० अँपिअर-अवर. पावणेदोन दिवस.
• २ अँपिअर: दहा तासांच्या रात्रीत २० अँपिअर-अवर. सकाळी गाडी बंद.
• ९ अँपिअर (दोन्ही हेडलाइट चालू राहिले): दोन तासांत काम तमाम.

चांगल्या, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीला एका रात्रीत झोपवायला दीड-दोन अँपिअरची मोठी गळती लागते. इतकी मोठी गळती सहसा दिसते, ऐकू येते किंवा हाताला गरम लागते. त्यामुळे रोज सकाळी गाडी बंद मिळत असेल आणि तसं काहीच सापडत नसेल, तर बॅटरी आधीच अशक्त झालेली असण्याची किंवा ती पूर्ण चार्जच होत नसण्याची शक्यता जास्त.

उलट, चार-पाच वर्षं जुन्या बॅटरीवर ‘३५’ छापलेलं असलं, तरी तिची खरी क्षमता १२-१५ वर आलेली असू शकते. तिच्यासाठी डिकीतला तो एक दिवाही जड. दहा तासांत तो ४.२ अँपिअर-अवर खातो, म्हणजे तिची जवळजवळ एक तृतीयांश ताकद!

थोडक्यात, संशयित तीन आहेत: अशक्त बॅटरी, अपुरं चार्जिंग आणि गळती. तपासही याच क्रमाने करायचा.

पायरी १: बॅटरी धडधाकट आहे का?

त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. इलेक्ट्रिकलच्या दुकानात तो काहीशे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २० या रेंजवर ठेवा. लाल तार पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला लावा. गाडी किमान तीन-चार तास उभी असू द्या, कारण नुकतीच चालवलेली गाडी खोटा, जास्तीचा आकडा दाखवते. साध्या लेड-अॅसिड बॅटरीचे आकडे ढोबळमानाने असे वाचा:

• १२.६ ते १२.७ व्होल्ट: पूर्ण चार्ज
• १२.४ व्होल्ट: सुमारे ७५ टक्के
• १२.२ व्होल्ट: सुमारे ५० टक्के
• १२.० व्होल्ट: सुमारे २५ टक्के
• ११.८ किंवा कमी: बॅटरी बसली

पण फक्त व्होल्टवरून फसू नका. म्हातारी बॅटरी आराम करताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच मान टाकते. म्हणून मीटर लावलेला असतानाच दुसऱ्या कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरीवर शंका घ्यायला जागा आहे. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून मगच ही चाचणी करा. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो. त्यावर हेच जास्त नेमकेपणाने कळतं.

बॅटरीचं वयही पाहा. तिच्यावर विक्रीची किंवा उत्पादनाची तारीख असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरीचं आयुष्य तीन-चार वर्षांत संपणं नवल नाही. थंडीत बॅटरी बंद पडलेली जाणवते, पण तिचं खरं नुकसान उष्णतेने आधीच केलेलं असतं. वॉरंटी शिल्लक असेल, तर कार्ड शोधून ठेवा.

याच वेळी टर्मिनलही हलवून पाहा. ते हाताने हलत असेल किंवा त्यावर पांढरा-हिरवट थर जमला असेल, तर अर्धा आजार तिथेच आहे. टर्मिनल काढा, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरीचा वरचा भागही पुसा. धूळ आणि आम्लाचा ओलसर थर दोन टर्मिनलांमध्ये बारीक पूल बांधतो आणि त्यावरूनही वीज झिरपते.

पायरी २: गाडी बॅटरी चार्ज करते का?

इंजिन चालू करून पुन्हा व्होल्ट मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. मग हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर चालू करून पाहा. तरीही आकडा १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर काम करतोय. तो १२.५ वरच अडकला असेल, तर अल्टरनेटर, त्याचा बेल्ट किंवा वायरिंगमध्ये बिघाड आहे. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणारच. काही नव्या गाड्यांत कंप्युटर इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि हो, तुमचा रोजचा प्रवास किती आहे? घर ते शाळा दोन किलोमीटर आणि परत, त्यात एसी, हेडलाइट, मोबाइल चार्जर. अशा फेऱ्यांत सेल्फला खर्च झालेली वीज आणि रात्रभरात गेलेली वीज भरून निघतच नाही. बॅटरी दर दिवशी थोडी-थोडी उतरत जाते आणि एके सकाळी ‘अचानक’ बसते.

पायरी ३: एका रात्रीची परीक्षा

दोष बॅटरीचा की गाडीचा, हे ठरवायची सगळ्यात सोपी युक्ती ही. बॅटरी चार्जरने पूर्ण चार्ज करा. रात्री दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवून बाजूला ठेवा, टेकू देऊ नका. सकाळी व्होल्ट मोजा, टर्मिनल जोडा आणि सेल्फ मारा.

• वायर काढलेली असूनही बॅटरी उतरली: दोष बॅटरीचाच. ती आतूनच गळतेय.
• वायर काढल्यावर बॅटरी टिकली, जोडलेली असताना मात्र उतरते: दोष गाडीत आहे. चोर शोधायला हवा.

काही खबरदाऱ्या घ्या. वायर काढल्यावर सेंट्रल लॉकिंग चालत नाही, म्हणून चावी गाडीत ठेवून दार लावू नका. काही स्टिरिओ पुन्हा सुरू करताना कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. घड्याळ आणि काचांचं ‘एका बटणात वर’ हे फीचर पुन्हा सेट करावं लागू शकतं. काढताना नेहमी निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. पान्याचा पॉझिटिव्ह आणि बॉडीला एकाच वेळी स्पर्श झाला, तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

पायरी ४: मीटरशिवाय चोर शोधा

मीटर जोडण्याआधी डोळे, कान आणि मोबाइल वापरा.

मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा आणि डिकी बंद करा. मिनिटभराने बाहेर काढून पाहा. आत अंधार दिसला का? हाच प्रयोग डॅशबोर्डच्या कप्प्यात करा. झाकण लावूनही दिवा जळत राहण्याचा दोष जितका जुना तितकाच नेहमीचा. सन व्हायझरच्या आरशाचा दिवाही बघून घ्या.

रात्री गाडी लॉक करून अर्ध्या तासाने लांबूनच पाहा. डॅशबोर्डवर काही उजळलंय का? बोनेटखालून पंखा किंवा रिलेचा ‘कट्-कट्’ आवाज येतोय का? ब्रेकच्या पेडलखालचं बटण अडकलं की मागचे ब्रेक लाइट रात्रभर जळतात आणि गाडीत बसणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची स्मार्ट चावी कुठे ठेवता? बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये ती भिंतीपलीकडच्या खुंटीवर, गाडीपासून हातभर अंतरावर टांगलेली असेल, तर काही गाड्या पुन्हा पुन्हा जाग्या होतात. चावी काही मीटर लांब ठेवून फरक पाहा.

शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा त्रास सुरू होण्याआधी गाडीत नवीन काय बसवलं? डॅशकॅम? मोठा स्क्रीन? जीपीएस ट्रॅकर? उत्तर अनेकदा इथेच सापडतं.

पायरी ५: मल्टीमीटरने गळती मोजा

आता खरं मोजमाप. इथे प्रवाह मोजायचाय, म्हणून मीटर बॅटरी आणि निगेटिव्ह वायरच्या मध्ये येतो.

१. सगळं बंद करा आणि चावी लांब ठेवा. बोनेट आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा, पण त्यांची कुलपं स्क्रू ड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत आणा, म्हणजे गाडीला सगळं लावलेलं वाटेल. शेवटी गाडी रिमोटने लॉक करा.
२. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात घाला. मिलीअँपिअरच्या छिद्रात घातली तर मीटरचा फ्यूज उडेल.
३. निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी काढलेल्या वायरला लावा.
४. आता थांबा. सुरुवातीला आकडा काही अँपिअर दिसू शकतो. अर्धा ते पाऊण तास गाडीला हात लावू नका. आकडा पायरी-पायरीने खाली येईल.
५. शेवटी स्थिरावलेला आकडा वाचा. ०.०२ ते ०.०५ असेल तर ठीक. ०.१ च्या वर असेल तर तपास करा. ०.३ च्या वर असेल तर नक्की गडबड आहे.

मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ मारू नका, दार उघडू नका. मीटर जळेल. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या छिद्राला अनेकदा फ्यूजच नसतो, म्हणून तार गरम लागली तर लगेच काढा. वायर न सोडवता मोजायचं असेल तर डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हवा. घरगुती वायरमनकडे असतो तो क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी प्रवाह मोजतो. तो इथे चालणार नाही.

पायरी ६: फ्यूज काढत चोरापर्यंत पोहोचा

गळती आहे हे कळलं. आता ती कुठे आहे? गाडीत सहसा दोन फ्यूज बॉक्स असतात, एक बोनेटखाली आणि एक डॅशबोर्डच्या खाली. झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणता फ्यूज कशाचा ते दिलेलं असतं. आधी मोबाइलने फोटो काढा, मग एकेक फ्यूज काढा. मीटरवरचा आकडा बदलला नाही तर तो परत लावा आणि पुढचा काढा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, चोर त्याच वाटेवर आहे.

समजा, मीटर ०.४५ दाखवतोय. स्टिरिओचा फ्यूज काढला, फरक नाही. हॉर्नचा काढला, फरक नाही. ‘आतले दिवे’ लिहिलेला फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर आला. म्हणजे ०.४२ अँपिअर या वाटेने जात होते, साधारण ५ वॉट. गणितातला डिकीचा दिवा आठवला ना? आता नवी बॅटरी नको, फक्त डिकीचं बटण दुरुस्त करायचं.

एक अडचण येते. फ्यूज काढून लावला की काही गाड्यांचे कंप्युटर पुन्हा जागे होतात आणि वाट पाहणं नव्याने सुरू होतं. त्यावर उपाय आहे. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून, त्याच्या तारा मूळ छिद्रांत परत घालून, फ्यूज न काढता त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. शून्य आलं तर तिथून प्रवाह जात नाही. थोडासाही आकडा स्थिर दिसला तर तिथून वीज वाहतेय. या पद्धतीत बॅटरीची वायरही काढावी लागत नाही.

सगळे फ्यूज काढूनही आकडा कमी झाला नाही तर? मग नजर अल्टरनेटरकडे वळवा. त्याची जाड वायर बॅटरीशी जवळजवळ थेट जोडलेली असते. आतला डायोड खराब झाला की बंद गाडीतही वीज त्यातून उलटी वाहते. गंमत म्हणजे असा अल्टरनेटर दिवसा चार्जिंग बऱ्यापैकी करतो, त्यामुळे त्याच्यावर संशय जात नाही. ही तपासणी ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला हात लावू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना तर अजिबात नाही.

नेहमीचे चोर आणि त्यांचा बंदोबस्त

बाहेरून बसवलेला स्टिरिओ: स्टिरिओच्या पिवळ्या वायरला कायमची वीज लागते, ती स्मृतीसाठी. लाल वायरला चावी फिरवल्यावरच मिळायला हवी. घाईत काम उरकताना दोन्ही एकत्र पिळल्या जातात आणि स्टिरिओ कधीच पूर्ण बंद होत नाही. उपाय: लाल वायर चावीच्या लाइनवर घ्या.

डॅशकॅम: ‘पार्किंग मोड’ म्हणजे रात्रभर जागा असलेला कॅमेरा. ठरावीक व्होल्टच्या खाली आपोआप बंद करणारं किट लावा किंवा हा मोड बंद ठेवा.

ट्रॅकर आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमधली डोंगल: ही उपकरणं सतत सिग्नल पाठवत असतात. रोज चालणाऱ्या गाडीत हा खर्च कळत नाही, पण दोन आठवडे उभ्या गाडीत कळतो.

चिकटलेला रिले: हॉर्न, फॉग लॅम्प किंवा फॅनचा रिले आतून चिकटला की ते सर्किट चालूच राहतं. त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून पाहा. नवा रिले स्वस्तात मिळतो.

दाराचं किंवा डिकीचं बटण: पावसाळ्यात आत पाणी आणि गंज जातो आणि दार लावूनही गाडीला ते उघडंच वाटतं. मग कंप्युटर झोपतच नाही. साफ करा किंवा बदला.

उंदीर: उबेसाठी बोनेटखाली शिरतात आणि वायर कुरतडतात. नुसता टेप गुंडाळू नका, वायर व्यवस्थित जोडून घ्या.

मोठ्या ताकदीचे जादा दिवे आणि हॉर्न: थेट बॅटरीवरून, फ्यूज आणि रिलेशिवाय जोडलेली कोणतीही वायर हा बॅटरीपेक्षा मोठा धोका आहे, कारण शॉर्ट झाली की ती आग लावू शकते. ती आधी दुरुस्त करा.

दुरुस्तीनंतर बॅटरीचं काय?

चोर सापडला, पण बॅटरी रिकामीच आहे. जंप देऊन गाडी सुरू केली आणि पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवली, म्हणजे बॅटरी भरली असं होत नाही. वीसेक अँपिअर-अवर परत भरायला काही तास लागतात. शक्य असेल तर ती चार्जरवर रात्रभर चार्ज करून घ्या. चार्ज करताना हवा खेळती असू द्या, जवळ काडी ओढू नका.

लेड-अॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि तिची क्षमता कायमची कमी होते. म्हणून बॅटरी तीन-चारदा पूर्ण बसली असेल, तर चोर पकडल्यावरही ती पुन्हा तपासून घ्या. आधी दुरुस्ती आणि मग गरज असेल तरच नवी बॅटरी, हाच क्रम.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत साधी स्वस्त बॅटरी बसवू नका. तिला वेगळ्या प्रकारची, जास्त चार्ज-डिस्चार्ज सोसणारी बॅटरी लागते. अशा गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असेल, तर चार्जरची काळी क्लिप टर्मिनलला न लावता गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या बॉडीच्या जागेवर लावा.

गावी जाताय? गाडी उभी राहणार आहे?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अनेकांना हा धडा मिळाला. महिना-दीड महिना उभी राहिलेली ठणठणीत गाडीही सुरू होईना. त्यात बिघाड काहीच नव्हता. रोजच्या ५० मिलीअँपिअरने आपलं काम केलं होतं.

गणपतीला ट्रेनने कोकणात जाताना किंवा मुलांकडे परदेशी जाताना गाडी दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. गाडीत बसवलेला चोरीचा अलार्म मात्र या काळात बंद राहील. पार्किंगमध्ये प्लग असेल तर आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवता येतो. घरात कुणी असेल तर त्यांना आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास चालवायला सांगा. नुसती पाच मिनिटं जागेवर सुरू करून बंद करणं फारसं उपयोगाचं नाही, कारण सेल्फला गेलेली वीजही त्यात नीट भरून येत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फास्टॅगमुळे बॅटरी उतरते का?
नाही. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते आणि तो गाडीच्या वायरिंगला जोडलेलाही नसतो. टोल नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो काम करतो.

बॅटरी जमिनीवर ठेवली तर उतरते का?
ही समजूत जुन्या काळातली आहे, जेव्हा बॅटरीचे खोके आजच्यासारखे प्लॅस्टिकचे नव्हते. आजची कोरडी, स्वच्छ बॅटरी फरशीवर ठेवल्याने उतरत नाही.

बॅटरीत नळाचं पाणी घातलं तर चालेल?
नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही खुणेपर्यंतच. अॅसिड स्वतः घालू नका.

इलेक्ट्रिक कारलाही हा त्रास होतो का?
होतो. मोठ्या बॅटरीशिवाय तिच्यात बहुधा एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ‘जागी’ होत नाही.

मोठी बॅटरी बसवली तर प्रश्न सुटेल?
सुटणार नाही, पुढे ढकलला जाईल. ३५ ऐवजी ४५ अँपिअर-अवरची टाकली तर तोच डिकीचा दिवा तिला पावणेदोनऐवजी सव्वादोन दिवसांत निम्मी करेल, इतकंच.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना काय सांगू?
“बॅटरी बघा” एवढंच सांगू नका. सांगा: “बॅटरी लोडवर तपासली आहे, चार्जिंग इतके व्होल्ट येतंय, गाडी झोपल्यावर गळती इतकी आहे आणि या फ्यूजला ती कमी होते.” हे चार आकडे हातात असले की त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात आणि कारण नसताना नवी बॅटरी गळ्यात पडत नाही.

पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणी “गाडी सुरू होत नाहीये, चांगली बॅटरी सुचवा” असं लिहिलं, तर बॅटरीचं नाव सुचवण्याआधी एकच प्रश्न विचारा: “व्होल्ट मोजले का?”